थांबायला आठ सेकंद

मंडळी, प्रत्येक घरात एकाला तरी काहीतरी खूळ असतेच. कुणी बेसमेंटमध्ये थिएटर उभारतो, कुणी मिशिगनच्या थंडीत कढीपत्ता जगवण्याचा पण करतो. आमचे खूळ लेथचे. ‘आमचे’ म्हणजे फक्त आमचे. घरातल्या इतर सभासदांनी याबाबत अंग काढून घेतले आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हा लेथ साउथ बेंडचा, नऊ इंची. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी ओब्रायन नावाच्या जुळ्या भावांनी १९०६ साली हा कारखाना काढला. आमचे यंत्र १९४०च्या दशकातले. डेट्रॉइटजवळच्या एका टूलमेकरने ते आयुष्यभर जपले होते. तो गेल्यावर त्याच्या मुलीने ते विकायला काढले, आणि आम्ही चार मित्र आणि एक भाड्याचा ट्रेलर घेऊन हजर झालो. त्या हिवाळ्यापासून आमची गाडी बाहेर बर्फात आणि लेथ आत गराजमध्ये. “अहो, एवढं एम.एस. केलंत ते हे लोखंड तासायला?” असे आमच्या हिने विचारले. त्यावर आमच्याकडे आजही उत्तर नाही.

खरे उत्तर कोल्हापुरात आहे. आमचे वडील, अण्णा, उद्यमनगरात टर्नर होते. पंप आणि ऑईल इंजिनांच्या सुट्या भागांवर त्यांची हयात गेली. लहानपणी डबा पोचवायला गेलो की तेलाचा वास, वरच्या शाफ्टवरून खाली येणारे फटफटणारे पट्टे आणि त्या गोंगाटात मान तिरकी करून जॉबचा आवाज ऐकणारे अण्णा दिसायचे. आम्ही मात्र इंजिनिअर झालो, परदेशी येऊन पदवी घेतली आणि पुढची वीस वर्षे कॉम्प्युटरच्या पडद्यावर पार्ट ‘कापत’ बसलो. प्रत्यक्ष कीस हाताला लागला तो चाळिशीत.

आता मूळ अडचण. जुन्या लेथचा वेग बदलायचा म्हणजे पट्टा सैल करा, हाताने दुसऱ्या पायरीवर चढवा, पुन्हा ताणा. पुलीच्या तीन पायऱ्या, मोटारीच्या दोन आणि बॅक गिअर मिळून वेग बारा. पण हवा असलेला वेग नेमका दोन पायऱ्यांच्या मध्ये! वेगाचे गणित तसे सोपे. साध्या हायस्पीड टूलने एक इंची माइल्ड स्टील कापायला मिनिटाला चारशेच्या आसपास फेरे लागतात, चार इंची असेल तर शंभर. पण फेसिंग करताना टूल कडेपासून मध्याकडे सरकते, व्यास क्षणाक्षणाला कमी होतो, म्हणजे वेगही तसाच वाढत जायला हवा. पट्ट्याला हे कसे जमणार?

यावर उपाय व्हीएफडी, म्हणजे व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह. अमेरिकेतल्या घरात सिंगल फेज वीज येते. ड्राइव्ह त्या २४० व्होल्टची आधी डीसी बनवते, साधारण ३४० व्होल्टची. मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांनी तिच्यातून थ्री फेज घडवते, तीही हव्या त्या फ्रीक्वेन्सीची. ६० हर्ट्झला १७२५ फेऱ्यांची मोटार ३० हर्ट्झला निम्म्याच्या आसपास फिरते. आम्ही एक हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार आणि ड्राइव्ह आणली, २४० व्होल्टचे सॉकेट रीतसर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतले आणि कामाला लागलो.

त्याच उन्हाळ्यात अण्णा आले. आई गेल्यापासून ते दर वर्षी येतात. सहा महिने राहायचे म्हणून येतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून कॅलेंडर बघतात. टीव्ही समजत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही, दुपार सरत नाही. या खेपेला मात्र सकाळचा चहा झाला की स्वारी गराजमध्ये. स्टूल टाकून बसायचे आणि बघायचे. बोलणे बेताचेच.

“एवढा श्रीमंत देश, आणि घरात थ्री फेज नाही? आपल्याकडं उसाच्या मळ्यातल्या पंपालापण असतंय की,” एवढे एकदा म्हणाले.

आम्ही त्यांना नॉब दाखवला, वेग दाखवणारे आकडे दाखवले. अण्णा म्हणाले, “वेग कमी केला तर घोडा तेवढाच राहतो का?” आम्ही चपापलो. प्रश्न बिनचूक होता. खालच्या वेगात मोटारीचा पीळ तेवढाच राहतो, पण फेरे निम्मे झाले की शक्तीही निम्मी होते. पट्टा आणि बॅक गिअरने वेग कमी केला तर मात्र पीळ वाढतो. म्हणून मोठा जॉब हळू कापताना बॅक गिअरला पर्याय नाही. शिवाय मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर. ती फार हळू फिरली तर तापते. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, अण्णांनी नुसते बघून विचारले.

दुसरा प्रश्न चाचणीच्या दिवशी आला. “चालतंय झकास. पण थांबतंय कसं?”

“एका सेकंदात! जुनी मोटार बंद केली तरी कितीतरी वेळ फिरत राहायची. हे बटण दाबलं की खलास.” आम्ही अभिमानाने सांगितले. झटकन थांबणे म्हणजे सुरक्षित, असा आमचा हिशेब होता.

अण्णा काही बोलले नाहीत. उठून घरात गेले आणि स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा लाकडी बोर्ड घेऊन आले. तो त्यांनी चकच्या खाली बेडवर आडवा ठेवला. आम्हाला हसू आले. आमच्या लेकीला, जी कुतूहलाने जवळ आली होती, त्यांनी दंडाला धरून मागे, आपल्या पाठीशी उभे केले.

चकमध्ये जॉब नव्हता. आम्ही नॉब वर नेला, लेथ सुरेख घुमू लागला. बटण दाबले. पट्टा नवा, चांगला ताणलेला. स्पिंडल जागच्या जागी थांबला. पण त्याला नुसत्या आट्यांवर बसवलेला सात-आठ किलोचा चक थांबला नाही. तो आपल्याच जोराने फिरत राहिला, आट्यांवरून उलटा सुटत गेला आणि दाणकन खाली आदळला. लाकडी बोर्डावर. तिथून घरंगळून गराजच्या जमिनीवर, जिथे मघाशी आमची लेक उभी होती तिथे.

कुणीच काही बोलले नाही. मग आतून हिचा आवाज आला, “अहो, काय पडलं?” आम्ही म्हणालो, “काही नाही.” लेक आजोबांचा सदरा धरून उभी होती.

संध्याकाळी अण्णांनी आपणहून विषय काढला. त्यांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचे पेर नाही. आम्हाला घरात सांगितले होते, दारात सापडले. त्या दिवशी कळले की दार नव्हते. तेव्हा नगावर पैसे मिळत. चक आपोआप थांबेपर्यंत वाट बघितली तर दिवसाकाठी चार-सहा नग कमी व्हायचे, म्हणून टर्नर लोक फिरता चक तळहाताने दाबून थांबवत. “सगळेच करायचे,” अण्णा म्हणाले. “त्या साली मी जादा नग घेतले होते.”

कुठल्या साली, ते त्यांनी सांगितले नाही. आम्ही मनात हिशेब केला. बोटाला पट्टी होती ती १९९८ साली, आमच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये थांबण्याचा वेळ आठ सेकंद केला. उलटी दिशा सरळ बंद करून टाकली. ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांच्यासाठी आणखी तीन गोष्टी: ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मध्ये स्विच लावू नका, चालू-बंदची बटणे ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलांनाच जोडा, वीज काढली तरी आतल्या कपॅसिटरांत चार्ज राहतो, मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटे थांबल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि ड्राइव्ह बंद पेटीत ठेवा, लोखंडाचा कीस आत गेला की ती संपली. चौथी गोष्ट मॅन्युअलमध्ये नाही: भाजीचा बोर्ड. आमच्या हिने तो परत घ्यायला नकार दिला आहे.

मग अण्णांनी लेथ हातात घेतला. पितळी चकतीचे फेसिंग. उजवा हात क्रॉस स्लाइडवर, डावा नॉबवर. टूल मध्याकडे सरकू लागले तसा त्यांचा तो अर्धवट बोटाचा हात नॉब किंचित किंचित वाढवत गेला. नजर आकड्यांकडे नव्हतीच. मान तिरकी, कान जॉबकडे. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहिला, कुठे किरकिर नाही. चकती आरशासारखी निघाली. लेकीने तिच्यात स्वतःचे नाक बघून घेतले. तिच्यासाठी मग पितळी भोवरा झाला. त्याला जाळी कशी गुंडाळायची हे शिकवण्यात आजोबांच्या चार दुपारी गेल्या. त्या खेपेला अण्णांनी कॅलेंडर बघितले ते ऑक्टोबरात, आम्ही तिकिटाची आठवण केल्यावर.

आता रविवारी फोन होतो. हवापाणी, गुडघा, उसाचा भाव असे सगळे झाले की फोन ठेवण्याआधी अण्णा विचारतात, “आठच ठेवलंय ना रे? कमी नाही केलंस?”

“आठच आहे, अण्णा.”

“असू दे. कशाची घाई हाय?”