गुरुजींची वही शिकागोला

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. २०२५ च्या मार्चमध्ये शिकागोला जाऊन आले हे घरच्यांना ठाऊक आहे. आत्यानं तर "फोटो दाखवलेस, पण तिथं केलंस काय ते कुठं सांगितलंस?" म्हणून दोनदा टोकलं. तर आत्या, हे मुख्यतः तुझ्यासाठी. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

कम्पॅरेटिव्ह अँड इंटरनॅशनल एज्युकेशन सोसायटी नावाची एक संस्था आहे, १९५६ साली अमेरिकेत सुरू झालेली. आम्ही तिला नुसतं सीआयईएस म्हणतो. वेगवेगळ्या देशांत मुलं कशी शिकतात, का शिकत नाहीत, यावर काम करणारी माणसं तिच्या वार्षिक परिषदेला जमतात. पाच दिवस आणि शेकडो सत्रं. एकाच वेळी वीस-वीस खोल्यांत काहीतरी चालू, म्हणजे लग्नसराईत एकाच मुहूर्तावर वीस लग्नं असावीत तसं. प्रत्येक वक्त्याला साधारण पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांची तयारी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात सुरू होते.

माझी तयारी मात्र खरं तर २०१९ च्या पावसाळ्यात सुरू झाली होती.

तेव्हा मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांवर काम करत होते. दसरा-दिवाळी झाली की तिथली गावंच्या गावं रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जायचं आणि मार्च-एप्रिलला परतायचं. मुलंही बरोबर. ज्या सहामाहीत बाकीची मुलं भागाकार शिकतात, त्या सहामाहीत ही मुलं पाचटात.

तिथल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींकडे एक वही होती. साधी, दोनशे पानी. २००६ पासून ते तिच्यात लिहीत होते. कोणतं लेकरू कधी गेलं, कोणत्या कारखान्यावर, बरोबर कोण होतं, परत कधी आलं आणि आल्यावर काय विसरलेलं होतं. एक भरली की दुसरी. अशा चार वह्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलीही नव्हती.

त्या वह्यांवरून मी निबंधाचा सारांश लिहिला. छान झाला होता. पुण्याला आले की आईला असलं सगळं मराठीत सांगायची माझी सवय आहे. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि विचारलं, "वही त्यांची, मग नाव तुझं एकटीचं कसं?"

मी म्हटलं, शेवटी आभार मानलेत की. आई काही बोलली नाही. मेथी निवडत राहिली. पण रात्री मला झोप लागेना. सकाळी उठून पहिल्यांदा गुरुजींना फोन केला आणि अर्जात लेखक म्हणून दोन नावं घातली.

निबंध निवडला गेला. २०२० ची परिषद मायामीत होती, २२ ते २६ मार्च. गुरुजींचा पासपोर्ट काढला, जानेवारीत व्हिसाची मुलाखत झाली, व्हिसा मिळाला. गावातल्या शिंप्याकडून त्यांनी कोट शिवून घेतला. आणि मार्चच्या सुरुवातीला मेल आली की परिषद प्रत्यक्ष होणार नाही, ऑनलाइन होईल.

२२ मार्च २०२० म्हणजे आपला जनता कर्फ्यू. पाठोपाठ टाळेबंदी. गुरुजींच्या गावातले आईबाप कारखान्यांवर अडकले आणि मागे हंगामी वसतिगृहात राहिलेली लेकरं म्हाताऱ्यांजवळ. एप्रिलमध्ये सरकारनं मजुरांना परतायची परवानगी दिली, तोवर गुरुजी घरोघर धान्य पोचवत होते. ऑनलाइन सत्रासाठी मी फोन केला तर म्हणाले, "मॅडम, आत्ता तिकडं बोलू का इकडं बघू?" मी एकटीनं बोलले. गुरुजींच्या नावासमोर पडद्यावर काळा चौकोन होता.

पुढं गुरुजी २०२२ ला निवृत्त झाले. विषय संपला असं मी धरून चालले होते. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांचाच फोन आला. "मॅडम, तो व्हिसा दहा वर्षांचा हाय म्हणं. २०३० पर्यंत चालतो. मग?"

मग पुन्हा अर्ज, पुन्हा सारांश. अर्धा खर्च आमच्या संस्थेनं उचलला, अर्धा गुरुजींनी स्वतः. काकूंनी मला स्पष्ट सांगितलं, "एवढ्या पैशात मागच्या खोलीवर स्लॅब पडला असता." त्यांचं चूक नव्हतं. मुंबई ते शिकागो विमानात मला तो न पडलेला स्लॅबच दिसत होता. या प्रवासातून काही निघालं नाही तर काकूंना तोंड कसं दाखवू?

परिषद पामर हाउस नावाच्या जुन्या, भव्य हॉटेलात होती. गुरुजींनी छतावरची चित्रं बघितली, मान दुखेपर्यंत. बाहेर शिकागोचा वारा, म्हणून कोटावर माकडटोपी. पहिल्या सकाळी आम्ही चालत आर्ट इन्स्टिट्यूटला गेलो, दीड-दोन चौक अंतर. १८९३ साली स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले ती हीच इमारत. गुरुजींनी दारात पायातले बूट काढले आणि हात जोडले. थंडी मरणाची. मी गप्प उभी राहिले.

त्या परिषदेचा विषय होता डिजिटल समाजातलं शिक्षण. पण कॉफीच्या टेबलांभोवती वेगळंच चाललं होतं. जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत थांबवली होती आणि परिषदेच्या दोनच आठवडे आधी यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं जाहीर झालं होतं. त्या पैशावर आफ्रिकेत, आशियात शाळांची कामं करणारी किती माणसं तिथं होती! कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा प्रकल्प अर्ध्यात बंद. गळ्यातल्या बिल्ल्यावर छापलेली संस्था आता आपली नाही, असं एकीनं हसत हसत सांगितलं आणि तिचे डोळे भरून आले. मी गुरुजींना सगळं समजावून सांगितलं. ते जरा वेळानं म्हणाले, "म्हंजे ह्यांचा मुकादमच पळून गेला की."

याहून नेमकं तिथल्या कुठल्याच व्यासपीठावरून मला ऐकायला मिळालं नाही.

आमचं सत्र सकाळी लवकरचं. गुरुजी मराठीत बोलणार आणि मी इंग्रजी करणार, म्हणजे पंधराची झाली साडेसात मिनिटं. आदल्या रात्री त्यांनी मोबाइलवर वेळ लावून सहादा म्हणून दाखवलं. सोबत काकूंनी दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून निभावलं.

खोलीत माणसं किती? बोलणारे धरून अकरा. माझा जीव खाली गेला. इतक्या लांबून, स्लॅबचे पैसे घालून, अकरा माणसं! गुरुजींनी मात्र मोजली आणि म्हणाले, "बरीच हायत. आमच्या चौथीत नऊच होते."

आणि ते बोलले. फक्त एकच गोष्ट सांगितली. लेकरू शाळा सोडतं ते शाळेला कंटाळून नाही. आई फडात गेली की धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं, म्हणून मोठी बहीण जाते. धाकट्याची सोय गावात झाली, एखादी आजी तयार झाली, तर ती पोरगी राहते. हे त्यांनी चार वह्यांतल्या नोंदी दाखवून सांगितलं. शेवटी म्हणाले, "आता सरकारच्या सरल पोर्टलवर लेकरू दिसतं. पण ते आज कुठंय, कुणाला कडेवर घेऊन बसलंय, ते दिसत नाही."

प्रश्नांना पाच मिनिटं उरली. केनियातल्या एका बाईंनी हात वर केला. गुरांमागे फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबरोबर त्यांनी काम केलेलं. आता कुणीतरी पद्धतीबद्दल, नमुन्याबद्दल विचारणार म्हणून मी तयार होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तुम्ही निवृत्त झालात. आता वही कोण लिहितं?"

मी भाषांतर केलं. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगते, सहा वर्षं त्या वह्या मी वापरल्या, त्यावर लिहिलं, बोलले. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला वहीतली माहिती हवी होती. त्या बाईंना वही चालू राहायला हवी होती.

"कुणीच नाही," गुरुजी म्हणाले. त्याचं भाषांतर करायला मला फार वेळ लागला.

नंतर बाहेर त्या बाई आणि गुरुजी बाकावर बसून होते. ती इंग्रजी, हे मराठी, मधे मी. पण निम्म्या गोष्टी मी सांगायच्या आधीच दोघांना कळत होत्या. त्यांच्याकडेही धाकटं भावंड मोठ्या बहिणीच्या पाठीवर असतं, हे त्यांनी नुसतं वाकून दाखवलं.

परत आल्यावर गुरुजी शाळेत गेले, नव्या बाईंना भेटले. मे महिना गेला, जून गेला. बाईंना आधीच कामं कमी नाहीत, त्यामुळे मी आशा धरली नव्हती. दिवाळीनंतर गुरुजींनी फोनवर एक फोटो पाठवला. नवी वही, पहिलं पान, बाईंच्या अक्षरात तीन मुलांची नावं आणि पुढं कारखाना. चौथं नाव एका मुलीचं. तिच्यापुढं लिहिलंय, 'राहिली. धाकटा आजीकडे.'

मी तो फोटो काकूंना दाखवा म्हणून सांगितलं. त्यांनी बघितला म्हणे. म्हणाल्या, "बरं झालं. आता स्लॅबचं बघा."