फेलओव्हर तपासला : होय

रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी पहिला अलर्ट आला तेव्हा मी मॅगी खात होते. तीन अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरपैकी एक उत्तर देत नव्हता. मी घास संपवला. खरंच संपवला, कारण मला काळजी वाटली नाही. एक गेला तर उरलेले दोन काम उचलतात, त्याचसाठी तर ही सगळी रचना केलेली असते. शिवाय ती मीच तपासली होती. आमच्या चेकलिस्टमध्ये ‘फेलओव्हर तपासला?’ असा रकाना होता, त्यासमोर ‘होय’ होतं आणि पुढे माझं नाव.

आमची कंपनी कॉलेजांसाठी परीक्षेचे फॉर्म आणि फी ऑनलाइन भरून घेते. त्या दिवशी तीन कॉलेजांची शेवटची तारीख होती. बारानंतर लेट फी. शेवटच्या रात्री होणाऱ्या गर्दीवरून ऑफिसात नेहमी विनोद होतात, ‘महिनाभर काय झोपा काढत होते?’ मला त्यात हसू येत नाही. थर्ड इयरला मी स्वतः शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत बसून फॉर्म भरलाय, कारण बाबांचा पगार त्या दिवशी झाला होता.

तीन-चार मिनिटांत सपोर्टवाल्या मुलाचा फोन आला. “ताई, पोरं म्हणतायत गोल गोल फिरतंय आणि मग एरर येतोय. काहींचे पैसे कापले गेलेत.”

आमच्याकडे पुढे दोन वेब सर्व्हर आहेत, त्यांवर इंजिनएक्स चालतं. मागे तीन अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, त्यांवर टॉमकॅट. मोबाइलवरून आलेली रिक्वेस्ट वेब सर्व्हर घेतो आणि मागच्या तिघांपैकी एकाकडे देतो. दर वेळी नवं कनेक्शन जोडायला वेळ लागतो, म्हणून तो जुनी कनेक्शनं उघडी ठेवतो आणि पुन्हा वापरतो. एरवी ही फार चांगली सोय आहे.

आता माझी चाचणी काय होती ते सांगते. मी एका सर्व्हरवरचं टॉमकॅट बंद केलं, रिक्वेस्ट दुसरीकडे गेल्या, टाळ्या. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून ‘किल मायनस नाइन’ देऊन प्रोसेस सरळ मारून टाकली. तरीही सगळं सुरळीत. मला वाटलं, याहून क्रूर चाचणी काय असणार?

पण प्रोसेस मेली तरी तिच्याखालची ऑपरेटिंग सिस्टीम जिवंत असते. ती सगळी उघडी कनेक्शनं बंद करते आणि पलीकडच्याला तसं कळवते. नवं कनेक्शन मागितलं तर लगेच नकार देते. म्हणजे फोन लावल्यावर ‘हा नंबर स्विच ऑफ आहे’ असं ऐकू यावं तसं. आपण लगेच दुसऱ्याला फोन लावतो.

त्या रात्री प्रोसेस मेली नव्हती, खालचं अख्खं मशीनच गोठलं होतं. कळवायला कोणी उरलंच नव्हतं. वेब सर्व्हरच्या लेखी जुनी कनेक्शनं अजून उघडीच होती, तो त्यांवर रिक्वेस्ट ढकलत होता आणि वाट बघत होता. रिंग जातेय, कोणी उचलत नाही. माणूस आंघोळीला गेलाय की गेलाच, हे रिंगवरून कळत नाही. लिनक्सवर सोडलं तर तो डीफॉल्ट सेटिंगमध्ये साधारण १५ मिनिटं तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. इंजिनएक्स डीफॉल्टनं ६० सेकंदांत कंटाळतं. आम्ही ते ६० कधी बदललेच नव्हते. आणि पहिली रिक्वेस्ट कंटाळेपर्यंत मागून येणाऱ्याही त्याच वाटेने जात होत्या.

बरं, कंटाळल्यावर तरी शहाणपण यावं? आमच्या प्रत्येक वेब सर्व्हरवर इंजिनएक्सचे आठ वर्कर होते, म्हणजे एकूण सोळा. तो सर्व्हर गेलाय हे एका वर्करला कळलं तरी बाकीच्यांना कळत नव्हतं. एका मशीनवरच्या वर्करांनी ही माहिती वाटून घ्यावी म्हणून शेअर्ड मेमरीचा एक ‘झोन’ जाहीर करावा लागतो, तो आम्ही केलाच नव्हता. ज्याला कळलं तोही डीफॉल्टनं दहा सेकंदच लक्षात ठेवतो. मग कोणातरी खऱ्या विद्यार्थ्याची रिक्वेस्ट देऊन बघतो, जिवंत झालाय का. बारा वाजायला आलेले असताना हा प्रयोग कोणाच्या फॉर्मवर चालला होता, याचा विचार मला अजूनही नकोसा होतो.

लीड कॉलवर आला. म्हणाला, “अगं, पोस्ट रिक्वेस्टही दुसऱ्या सर्व्हरकडे रिट्राय होऊ दे ना. एका ओळीचं काम आहे.” ओळ मी टाइपही केली होती. पण एकदा पाठवलेली पोस्ट रिक्वेस्ट इंजिनएक्स आपणहून दुसरीकडे पाठवत नाही, त्याला कारण आहे. उत्तर आलं नाही याचे दोन अर्थ होतात. रिक्वेस्ट पोचलीच नाही, किंवा पोचली, फी नोंदली गेली आणि उत्तर देण्याआधी मशीन गोठलं. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. इंजिनिअरिंगला ‘टू जनरल्स प्रॉब्लेम’ दोन मार्कांसाठी पाठ केला होता : दोन टेकड्यांवर दोन सेनापती, मधल्या दरीतून जाणारा निरोप्या पकडला जाऊ शकतो, आणि शेवटचा निरोप पोचल्याची खात्री तो पाठवणाऱ्याला कधीच होत नाही. त्या रात्री निरोप्याच्या हातात कोणाच्यातरी बाबांचा पगार होता. मी ओळ पुसली.

त्याऐवजी मेलेला सर्व्हर यादीतून काढला आणि इंजिनएक्स रीलोड केलं. नवे वर्कर आले, ते कोऱ्या पाटीने. ११:३८ला आलेख खाली आला. सतरा मिनिटं.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. कॉलेजांना पाठवायच्या अहवालात एक प्रश्न होता : अशा बिघाडाची पूर्वचाचणी झाली होती का? ‘होय’ लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. चेकलिस्ट साक्षीला होती. वर ‘हार्डवेअरमधील अनपेक्षित बिघाड’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण मग दोष कोणाचाच नाही, आणि दोष कोणाचाच नसला की लेट फी विद्यार्थ्याची. मी लिहिलं, ‘चाचणी फक्त प्रोसेस बंद करून झाली होती. मशीन गप्प झाल्यास काय होईल हे तपासलं नव्हतं. टाइमआउट डीफॉल्ट होते.’ मॅनेजरने ते दोनदा वाचलं. “हे असंच पाठवायचं?” म्हणाला. मी हो म्हटलं. माझे हात गार पडले होते.

अहवाल तसाच गेला. त्या सतरा मिनिटांत अडकलेल्यांची यादी आम्ही पेमेंटच्या नोंदींशी ताडून काढली, आणि त्यांची लेट फी कंपनीने भरली. माझ्या अप्रेझलमध्ये त्या रात्रीवर एक वाक्य आहे. ते गोड नाही.

नंतर कनेक्ट टाइमआउट दोन सेकंदांवर आणला, झोन लावला, आणि प्रत्येक पेमेंटला एक स्वतंत्र ओळखक्रमांक दिला, म्हणजे तीच रिक्वेस्ट दोनदा आली तरी पैसे एकदाच कापले जातील. चाचणीही बदलली. आता आम्ही सर्व्हर बंद करत नाही, फायरवॉलमध्ये ‘ड्रॉप’चा नियम घालतो. ‘रिजेक्ट’ निदान नाही म्हणतो. ‘ड्रॉप’ काहीच म्हणत नाही.

चेकलिस्टमधला रकानाही मी बदलून घेतला. ‘फेलओव्हर तपासला?’च्या जागी आता ‘फेलओव्हर कसा तपासला?’ असं आहे. तिथली पहिली नोंद माझीच आहे : ‘ड्रॉप लावून. नापास. टॉमकॅट ते डेटाबेस कनेक्शनांना टाइमआउटच नाही.’