चांदूरचं पाणी आणि माझा पीसी

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. शुक्रवारची रात्र, सोमवारी रिलीज, आणि माझा लाडका वॉटर-कूल्ड पीसी दर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडत होता. प्रोसेसरचं तापमान ९५ अंशांच्या वर! आधी वाटलं, चांदूर रेल्वेचा उन्हाळा आहे बाबा, दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो, मशीन तापणारच. पण रात्री अकरा वाजता, कूलर सुरू असलेल्या खोलीत, नुसता ब्राउझर उघडला तरी ९५? काहीतरी नक्की बिनसलं होतं.

शेवटी कॅबिनेट उघडलं, नळ्या रिकाम्या केल्या आणि प्रोसेसरवरचा वॉटर ब्लॉक सोडवला. या ब्लॉकच्या आत तांब्याच्या बारीक बारीक पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांमधली फट अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते, आणि पाणी तिथूनच वाहतं. वाहायला हवं, म्हणजे. माझ्या ब्लॉकच्या फटींमध्ये पांढरट-हिरवा चिकट गाळ गच्च बसला होता. उघडं पडल्यावर वासही आला.

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला उठले. टेबलावरचा पसारा बघून थांबले.

"काऊन रे, पानी कोन्तं टाकलं यात?"

"फिल्टरचंच. आरओचं. शुद्ध असते ते."

"इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो काय मी फिल्टरचं?"

आणि झोपायला निघून गेले. इंजिनिअरिंगची चार वर्षं एका वाक्यात पाण्यात!

तर, त्या रात्रीनंतर मी जे शिकलो ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे, कुलंट निवडताना आपण जो प्रश्न विचारतो तोच चुकीचा असतो. "कोणतं कुलंट जास्त थंड करतं?" याचं उत्तर आहे, जवळपास सगळी सारखीच. साधा हिशोब करा. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. माझं मशीन २५० वॅट उष्णता पाण्यात सोडतं, म्हणजे मिनिटाला १५ किलोज्यूल. पंप मिनिटाला ४ लिटर पाणी फिरवतो. म्हणजे एका फेरीत पाणी तापतं जेमतेम ०.९ अंश. आता यात ग्लायकॉल मिसळलेलं कुलंट घातलं आणि त्याची उष्णता धरायची क्षमता पाच-सात टक्क्यांनी कमी झाली, तर ०.९ चा होईल फार तर १ अंश. बाटलीवर लिहिलेल्या "एक्स्ट्रीम कूलिंग"ची किंमत एवढीच.

शिवाय रेडिएटर कितीही मोठा लावा, पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. खोली ४२ वर असेल तर पाणी पन्नाशीच्या पुढेच राहणार, आणि बऱ्याच पंपांची मर्यादा ६० अंश असते. त्यामुळे चांदूरला मशीन थंड ठेवण्याचं खरं काम करतो तो खिडकीतला डेझर्ट कूलर. (त्याच्या दमट हवेने पीसीवर दव जमेल का, असं मला दोघांनी विचारलं. नाही जमत. दव जमायला वस्तू हवेपेक्षा थंड लागते, आणि आपला लूप कायम हवेपेक्षा गरमच असतो.)

मग कुलंटचं काम काय? तर वर्षभर फिरत राहायचं आणि कुणाला खायचं नाही, कुणाला स्वतःत वाढू द्यायचं नाही. बस्स.

हे समजायला मला पाण्याचे दोन प्रकार करावे लागले. एक निघून जाणारं पाणी आणि दुसरं राहणारं पाणी. कूलरमधलं पाणी निघून जाणारं. ते उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी कूलरचं गवत पांढरं आणि कडक होतं. दर्यापूरकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, तर फारच लवकर. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणीही निघून जाणारंच. वाफेच्या इंजिनाचंही तसंच. आमच्या मेन लाईनवर मूर्तिजापूर आहे, तिथून यवतमाळ आणि अचलपूरला शकुंतला धावायची. तिचं मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत वाफेवर चाललं. वाफ निघून जायची आणि क्षार बॉयलरमध्ये राहायचे. त्यांचा थर जमला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, म्हणून वाफेच्या इंजिनांचे बॉयलर ठराविक दिवसांनी रिकामे करून धुवावेच लागत.

१९९४ मध्ये शकुंतलेला डिझेल इंजिन लागलं. डिझेल इंजिनातलं पाणी राहणारं पाणी. तेच ते इंजिन आणि रेडिएटरमध्ये गोल फिरतं. तिथे प्रश्न बदलतो. क्षारांच्या थरापेक्षा गंजाची भीती मोठी. म्हणून रेल्वे डिझेल इंजिनात नळाचं पाणी भरत नाही, शुद्ध केलेल्या पाण्यात गंजरोधक रसायन मिसळून भरते. माझा पीसी म्हणजे छोटं डिझेल इंजिन, आणि मी त्याला वागवत होतो कूलरसारखं!

माझी दुसरी चूक याहून मोठी होती. वॉटर ब्लॉक तांब्याचा, पण ऑनलाईन स्वस्तात घेतलेला रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा. एकाच पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम आले की त्यांची बॅटरी तयार होते, आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम विरघळतं. पाण्यात क्षार असले की ही बॅटरी आणखी जोरात चालते. आरओच्या पाण्याचा टीडीएस माझ्याकडे ६० आला. पिण्यासाठी उत्तमच, भारतीय मानकात तर ५०० पर्यंत चालतो. पण मशीनला शून्याजवळचं पाणी लागतं. वर त्या पाण्यात जंतुनाशक काहीच नव्हतं, म्हणून शेवाळासारखा चिकटपणा.

शनिवारी बाबांच्याच कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर घेतलं. मीटरने मोजलं, २ आलं. किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणून कोमट पाण्यात मिसळलं, ब्लॉक त्यात पंधरा मिनिटं ठेवून जुन्या टूथब्रशने घासला, मग डिस्टिल्डने तीनदा धुतला. रेडिएटर टाकूनच दिला. तांब्याचा अमरावतीतही मिळाला नाही. शेवटी प्रोसेसरसोबत फुकट आलेला छोटा पंखा बसवला, कूलरचं तोंड पीसीकडे वळवलं, आणि रविवारी रात्री टेस्ट पूर्ण झाल्या. रिलीज वेळेत गेलं. हुश्श.

तांब्याचा रेडिएटर आल्यावर लूप पुन्हा भरला. आता माझी निवड अशी आहे: डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात गंजरोधक व जंतुनाशक असलेलं बिनरंगाचं तयार कॉन्सन्ट्रेट, बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच. अंदाजपंचे पातळ केलं तर दोन्हींचा उपयोग जातो. दुधाळ रंगाची कुलंट फोटोत छान दिसतात, पण त्यांतले कण कालांतराने खाली बसतात, आणि बसतात नेमके त्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत. गाडीचं कुलंट नको. ते घट्ट असतं, आणि त्यात मुख्य असतं ते गोठू न देणारं ग्लायकॉल. चांदूरला पाणी गोठायची वाट बघत बसायचं का? आणि "वीज न वाहून नेणारं" या दाव्यावर विसंबून राहू नका. नवं असताना खरं असेलही, पण धातूंमधून फिरता फिरता त्यात आयन मिसळतातच. गळती तपासायची ती मदरबोर्डची वीज बंद ठेवून, फक्त पंप चालवून, खाली टिश्यू पेपर अंथरून.

बाकी देखभाल सोपी आहे. महिन्यातून एकदा टाकीची पातळी बघायची, कारण नळ्यांमधून थोडं पाणी झिरपून उडतं. रंग बदलला किंवा पाणी गढूळ झालं तर वाट न बघता बदलायचं. नाहीतर वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, उन्हाळा लागायच्या आधी.

बाबांची इन्व्हर्टरची एक वही आहे. कोणत्या तारखेला किती पाणी टाकलं, एवढंच त्यात. मी पुण्याहून आलो तेव्हा त्या वहीवर हसलो होतो, म्हटलं अ‍ॅप बनवून देतो. त्यांची बॅटरी सातव्या वर्षात आहे आणि माझा पहिला लूप दहा महिन्यांत गेला. असो. आता त्याच वहीच्या मागच्या पानावर माझ्या पीसीच्याही तारखा असतात.

गेल्या महिन्यात मी तारीख विसरलो. नंतर वही उघडली, तर नोंद होती. बाबांच्या अक्षरात.

"पानी पाह्यलं. बरोबर आहे."