बाहेरचे जेवण

'बाहेर' हा शब्द आमच्या भागात बायकांनी आणि पुरुषांनी कधीच एका अर्थाने वापरला नाही. पुरुष बाहेर गेला म्हणजे तो कामाला गेलेला असतो. बाई बाहेर बसली म्हणजे तिला चार दिवस चूल वर्ज्य असते. पुरुष बाहेरून आला की त्याच्या हाती पाण्याचा तांब्या द्यायचा. बाईला बाहेरचे काही लागले की तिच्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकायच्या. आणि बाहेरचे जेवण? ते तर घरात काहीतरी बिनसल्याची खूणच समजत. "काल तुमचे मालक हाटेलात जेवताना दिसले बरं का," एवढे एकच वाक्य पाणवठ्यावर कुणी टाकले, तरी त्या घरच्या बाईला आठ दिवस मान वर करण्याची सोय राहत नसे. तिच्या हाताला चव नसेल, नाही तर तोंडाला ताळ नसेल, असा निकाल लागून जाई.

वर्षातून एकच दिवस असा, की सारे गाव उजळ माथ्याने बाहेर जेवे. मार्गशीर्षातली अवस, म्हणजे आमची येळवस, छापील भाषेत वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला दिवाळीला घरी जाता आले नाही तर तो एक वेळ सोसेल, पण येळवस चुकली तर वर्षभर चुटपुटेल. त्या दिवशी गावात फिरणाऱ्याला वाटावे, इथे संचारबंदी पुकारली आहे. दुकाने बंद, गल्ल्या ओस. सगळी माणसे रानात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करायची, तिच्यात पांडव मांडायचे, आणि पूजा झाली की झाडाखाली पंगत. आंबटसर गार आंबील, तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे आणि दहा भाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. शेत नसलेल्या माणसालाही त्या दिवशी उपास घडत नाही. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी वाटसरूला हाक मारून पानावर बसवण्याची तिथे चढाओढ असते. बाहेर जेवण्याचे सुख आम्हांला ठाऊक नव्हते असे नव्हे. त्याला पैसे पडू शकतात, एवढेच आम्हांला ठाऊक नव्हते.

ते शिकवायला सरकारला यावे लागले. महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे काही कमी नाहीत. एक घोडनदीचे, पुणे जिल्ह्यातले. एक शिरूर कासार, बीडकडचे. आणि खुद्द आमच्याच लातूर जिल्ह्यात अहमदपूरच्या बाजूला शिरूर ताजबंद. त्यामुळे तिकीट मागताना आमच्या माणसाला शेपटासकट नाव सांगावे लागते: शिरूर अनंतपाळ. 1999 साली हे गाव तालुक्याचे झाले. आधी तहसील आली, तिच्यामागून बाकीच्या कचेऱ्या, कचेऱ्यांमागून कारकून आणि कारकुनांमागून त्यांची पोटे. यांतल्या पुष्कळांची बिऱ्हाडे लातुरात किंवा निलंग्यात. शिवाय उताऱ्याला, दाखल्याला, तारखेला खेड्यापाड्यांतून येणारी माणसे वेगळीच. कचेरीतले काम एका खेपेत होत नाही हे सर्वांना ठाऊक असते, पण भूक मात्र प्रत्येक खेपेला लागते! गाव तालुक्याचे झाल्याचे राजपत्रात छापून आले असेल. आम्हांला ते पटले, ते चहाच्या टपऱ्यांची हॉटेले झाली तेव्हा.

हॉटेलात मला कशाचे कौतुक वाटत आले असेल, तर ते पाण्याच्या पेल्याचे. तुम्ही बाकड्यावर टेकता न टेकता तोच पोऱ्या चार बोटे पाण्यात बुडवून चार पेले तुमच्यापुढे आदळतो. त्या चार बोटांना नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. पण 2016 च्या उन्हाळ्यात ज्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या शहराच्या मुलखात न मागता पुढे आलेला पाण्याचा पेला ही साधी गोष्ट नव्हे. आणि तो पेला आणखी एका अर्थाने मोठा आहे. पाणी देण्यापूर्वी तो पोऱ्या तुम्हांला 'कोणाचे?' म्हणून विचारत नाही.

हा न विचारलेला प्रश्न फार महागात पडला आहे. पाण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांना 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या तळ्यावर हजारो माणसे घेऊन जावे लागले. त्याच्याही आधीची कोल्हापूरची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. गंगाराम कांबळे नावाच्या एका दलित माणसाला पाण्याला शिवल्याबद्दल मार बसला. शाहू महाराजांनी त्याला चहाचे हॉटेल काढायला लावले, आणि त्या हॉटेलापुढे आपली गाडी थांबवून, बरोबरच्या मानकऱ्यांसह तिथला चहा प्यायला सुरुवात केली. राजा जो चहा पितो, तो सरदारांना नको कसा म्हणता येणार? मला वाटते, अस्पृश्यतेवर लिहिलेल्या कित्येक ग्रंथांपेक्षा त्या एका कपाने अधिक काम केले असेल. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले ही नावे स्पष्ट घातली गेली, आणि 1955 च्या कायद्याने हॉटेलात शिवाशीव पाळणे हा गुन्हा ठरला. तरी खेड्यांतल्या चहावाल्यांकडे बाहेरच्या कोनाड्यात वेगळी कपबशी राहिलीच. पिणाऱ्यानेच ती विसळून परत ठेवायची. बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरावे लागले, ते 1972 नंतर. कायदा दिल्लीहून निघाला की कोनाड्यापर्यंत पोचायला त्याला पुष्कळ वर्षे लागतात. पण तालुक्याच्या गावातल्या स्टँडासमोरच्या गर्दीत कोनाडा ठेवायला जागा नसते. तिथे पेले सगळे सारखे, पोचेही सारखेच. धर्म करू शकला नाही ते काम गल्ल्यावरचा लोभ पुष्कळदा करून जातो; त्याबद्दल मी त्या लोभाचा ऋणी आहे.

मात्र त्याच पंधराव्या कलमात, जातीच्या शेजारीच, 'लिंग' असाही एक शब्द आहे. त्याची आठवण हॉटेलांना उशिरा झाली.

आमच्याकडच्या मोठ्या हॉटेलाची रचना ठरलेली असते. पुढे चहा, भजी, आलुबोंडा. मध्ये जेवणाचा हॉल. आणि कडेला किंवा माडीवर अंधारी खोली, जिच्या पाटीवर 'परमिट रूम' असे लिहिलेले असते. हे नाव 1949 च्या दारूबंदीच्या कायद्याने दिले. तेव्हा आमचा भाग हैदराबाद राज्यात होता; मुंबई राज्यात आम्ही आलो 1956 साली. प्यायची तर सरकारी परवाना हवा, असा त्या कायद्याचा दंडक. परवाना कुणी पाहत नाही, कुणी दाखवत नाही. पाटीवर तेवढा तो शिल्लक आहे. दारूबंदीच्या नावाने दारूच्या खोलीचे बारसे व्हावे, ही गंमत आपल्याच राज्यात घडू शकते.

त्या खोलीबद्दल मी सोवळेपणाने बोलणार नाही. दिवसभर उन्हात राबलेला माणूस शेंगदाण्यांची बशी पुढे घेऊन मित्राशी दोन शब्द बोलत बसतो, यात मला पाप दिसत नाही. पण त्या खोलीचा वास हॉलमध्ये येतो, हॉलचा आवाज रस्त्यावर येतो, आणि मग रस्त्यावरून जाणारी बाई पदर सारखा करून पावले झपाझप टाकू लागते. घरी यायचा पैसा त्या खोलीत किती राहतो, हेही तिलाच माहीत. म्हणून तर आडव्या बाटलीला मत देऊन गावातले दुकान बंद करण्याचा हक्क मिळाला, तेव्हा राज्यात ठिकठिकाणी बायकांनी रांगा लावल्या. ज्या हॉटेलाच्या पायरीवर त्या कधी चढल्या नाहीत, त्याची बाटली त्यांनी मतपत्रिकेवर आडवी केली.

आणि मग हॉटेलांनी बायकांसाठी काय केले? पडदा लावला! हॉलच्या एका कोपऱ्यात प्लायवुडची कप्पी उभी केली, तिच्यावर 'फॅमिली रूम' लिहिले, आणि पुढे एक तेलकट पडदा सोडला. जातीची कपबशी कोनाड्यातून गेली. बाईचा कोनाडा मात्र हॉटेलात नव्याने आला.

माझी आई सत्तर वर्षांची होईपर्यंत हॉटेलात जेवली नव्हती. वडील गेल्यावर शेताच्या उताऱ्यावर तिचे नाव लागायचे होते, म्हणून मी तिला घेऊन शिरूरला गेलो. काम होता होता तीन वाजले. घरून आणलेली दशमी सकाळीच संपली होती. स्टँडाजवळच्या हॉटेलाच्या पायरीशी ती क्षणभर थांबली, आणि मग चढली. पोऱ्याने सवयीने पडद्याकडे बोट केले. आई म्हणाली, "पडदा कशाला रं? मी काय नवी नवरी हाय?" आणि ती दारासमोरच्या टेबलाशी, रस्त्याकडे तोंड करून बसली. शेजारच्या टेबलावरच्या दोघा पागोटेवाल्यांनी आपले पाय जरा आखडून घेतले. त्यापलीकडे आभाळ काही कोसळले नाही.

डाळ आली, वांग्याची भाजी आली, ठेचा आला. भाकरी संपत आली की पोऱ्या विचारी, "माय, गरम आणू का?" आणि तव्यावरची फुगलेली भाकरी तिच्या ताटात पडे. तिसऱ्या भाकरीला आईचा हात थांबला. ती म्हणाली, "बसल्या जागी तव्यावरची भाकर मला आजवर कुणी वाढली नव्हती बघ." हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, पाऊस किती पडला हे सांगावे, तसे म्हणाली. आम्हां सगळ्यांच्या ताटांत पन्नास वर्षे गरम भाकरी टाकणारी ती बाई नेहमी शेवटी, निवालेली भाकरी खात आली होती. लग्नकार्यात तिला वाढले गेले असेल, येळवशीला झाडाखाली ती पंगतीला बसली असेल. पण येळवशीची ती भज्जीही तिनेच आदल्या रात्री जागून रांधलेली असे.

हात धुवायला म्हणून ती मागे गेली आणि बराच वेळ आली नाही. पाहतो तो मागच्या भट्टीपाशी उभी. तिथे एक बाई घामाघूम होऊन काटवटीत भाकऱ्या थापत होती. आईने तिला विचारले, "किती थापतीस दिवसाच्या?" ती हसून म्हणाली, "कोण मोजतंय, मावशी!" "आणि जेवतीस कवा?" "गिऱ्हाईक सरल्यावर. चार-पाच वाजतेत." आईने मान डोलावली. गल्ल्यावर मला तिने पैसे देऊ दिले नाहीत. कमरेची पिशवी सोडून तिने नोटा मोजून दिल्या, उरलेली चिल्लर परत दोनदा मोजली.

मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. हजारो पुरुषांची पोटे भरणाऱ्या त्या बायका तोवर सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. त्यांच्या स्वयंपाकाला कुणी धंदाच मानीत नव्हते. बाहेरच्या जेवणाचा विचार करताना आपण नेहमी ताटाच्या अलीकडे बसतो, म्हणून आपल्याला मालक दिसतो, पोऱ्या दिसतो, दर दिसतो. आई जन्मभर ताटाच्या पलीकडे बसली होती. तिला पहिल्यांदा दिसली ती थापणारी.

हॉटेलाची थोरवी मी अजूनही मानतो. शेजारी कोण बसला आहे हे न विचारता शेजारी बसण्याची सवय आमच्या गावाला तिथल्या बाकड्यांनी लावली. पण तो धडा अर्धाच झाला आहे. पाण्याचा पेला सर्वांपुढे येऊ लागला. आता तव्यावरची भाकरी सर्वांच्या ताटात पडली पाहिजे. पडदा काढणे त्या मानाने सोपे आहे. आईने तो शब्दाने काढला. भट्टीपाशी उभ्या असलेल्या बाईला भर दुपारी, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, "तू बस आता, गरम आहे तोवर खाऊन घे," असे म्हणणारा कुणीतरी भेटला पाहिजे. आणि तिच्या जागी तेवढा वेळ थापायला कुणीतरी बसले पाहिजे. ते कुणी बसायचे, हा प्रश्न हॉटेलापुरता नाही. तो उंबऱ्याच्या आतलाही आहे.