मधली जागा

कोल्हापुरात थंडी पडू लागली की आमच्या पेठेतलं फुटबॉलचं बोलणं फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतं, यंदा पुढं कोण खेळणार? गोलरक्षक कोण, बचावफळीत कोण, ही चौकशी त्यानंतरची. यंदा माझं उत्तर ठरलेलं आहे. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात एकोणीस वर्षांचं एक पोरगं आहे. त्याचं नाव लिहीत नाही. हंगाम लागायच्या आधीच नावाचं ओझं त्याच्या खांद्यावर नको.

गेल्या हंगामात त्याच्या वाट्याला शेवटची दहा-दहा मिनिटं आली. त्यातल्याच एका सामन्यातली गोष्ट. शाहू स्टेडियमवर उन्हं कलली होती, उजव्या बाजूनं क्रॉस येणार होता. अख्खी गॅलरी चेंडूकडं बघत होती आणि हे पोरगं मान वळवून मागच्या बचावपटूकडं बघत होतं. त्यानं पहिल्या खांबाकडं दोन पावलं टाकली. बचावपटू त्याच्यासोबत ओढला गेला. तोवर हा मागच्या मागं सरकून मोकळ्या जागेत उभा! चेंडू बरोबर तिथंच आला. डाव्या पायानं त्यानं तो आल्या आल्या मारला आणि बारवरून घालवला. 'मार की मर्दा' म्हणणारे लगेच शिव्यांवर आले. मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. फटका घोटून घोटून सुधारता येतो. ती दोन फसवी पावलं शिकवून येत नाहीत. ती ज्याला येतात त्याला येतात, असं मी इतक्या वर्षांच्या बघण्यावरून सांगतो.

पुढच्या सामन्यात त्याला डाव्या कडेला लावलं. पळतोय चांगला, तर पळू दे रेषेवरून, असा विचार झाला. मध्ये बाहेरून आणलेला तयार स्ट्रायकर. तालमीला स्पर्धा जिंकायच्या असतात, लोकांनी हौसेनं पैसे दिलेले असतात, हे मला कळतं. पण कडेला गेलेलं पोरगं क्रॉस टाकायला शिकतं. क्रॉस कुठं येणार हे आधी ओळखणारी नजर तिथं हळूहळू मरते.

हे फक्त आमच्या पेठेचं दुखणं असतं तर एवढं मनाला लागलं नसतं. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली. 2021-22 पासून मैदानात एका वेळी चारच परदेशी खेळाडू ठेवायचा नियम आला. तरीही नऊ नंबरच्या, म्हणजे मधल्या स्ट्रायकरच्या जागेवर क्लब आधी परदेशी माणूसच शोधतात. आपल्या अनिकेत जाधवचं बघा. कोल्हापूरचा हा मुलगा 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या पुढच्या फळीत होता. 6 ऑक्टोबरला दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर अमेरिकेशी सामना होता. आम्ही तीस-चाळीस जण एका टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसलो होतो. भारत 0-3 हरला, तरी कुणी लवकर उठलं नाही. आपल्या गावचा पोरगा विश्वचषकात पळताना बघणं हेच तेव्हा पोट भरण्यासारखं होतं. तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगनं कॉर्नरवर हेडर मारून फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला. तो स्ट्रायकर नव्हे, मधल्या फळीचा खेळाडू. अनिकेत पुढं जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल अशा संघांकडून खेळला, जीव तोडून खेळला, पण बहुतेक वेळा कडेला. मधल्या जागेवर त्याला एक अख्खा हंगाम मिळाला असता तर काय झालं असतं, हे मला आजही बघायचं आहे.

आणि मग सुनील छेत्री. 2005 मध्ये क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध भारताकडून पहिल्याच सामन्यात गोल करणारा हा माणूस 6 जून 2024 ला 94 गोलांवर थांबला. कोलकात्यात तो रडला, आम्हीही रडलो. वर्षही झालं नाही, मार्च 2025 मध्ये चाळीस वर्षांच्या त्याच छेत्रीला पुन्हा बोलावलं गेलं. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्यानं गोलही केला. त्या गोलानं ऊर भरून आला आणि त्याच क्षणी काळजात काहीतरी तुटलं. एवढ्या मोठ्या देशाला वीस वर्षांत दुसरा कुणी घडवता आला नाही, त्याचा तो पुरावा होता.

गेल्या आठवड्यात पहाटे गांधी मैदानावर गेलो तर पोरगं एकटंच होतं. चेंडू भिंतीवर मारायचा, परत आलेला न थांबवता पुन्हा मारायचा. दवानं बूट चिंब झाले होते. मला बघून थांबलं. घाम पुसत म्हणालं, "काका, औंदा मधी खेळवतील काय?"

टीममध्ये घेतील काय, असं त्यानं विचारलं नाही. त्याला त्याची जागा ठाऊक आहे. मी "खेळवतील की" म्हणालो खरा, पण ते माझ्या हातात नाही.

आमच्या प्रशिक्षकांच्या हातात आहे आणि त्याहून जास्त गॅलरीच्या हातात आहे. म्हणून माझ्या शेजारी बसणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो. हे पोरगं पहिल्या चार-पाच सामन्यांत चुकणार आहे. समोर फक्त गोलरक्षक असताना चेंडू बारवरून घालवणार आहे. तेव्हा 'काढा त्याला' म्हणून ओरडू नका. त्याला मध्येच राहू द्या.