बुडापेस्ट, व्हाया रत्नागिरी

फ्रीलान्सरला वीकेंड नसतो, डेडलाइन असते. यंदा ती नेमकी शिमग्यात आली. हंगेरीतल्या जॅझवाल्यांवर एक लेख द्यायचं कबूल करून बसलो होतो आणि घरून फोन आला, ‘पालखी येतेय, पोचतोस ना?’ कोकणातल्या माणसाला या प्रश्नाचं ‘नाही’ असं उत्तर देता येत नाही. मग काय, कानात बुडापेस्ट घातलं आणि रात्रीच्या कोकणकन्येत बसलो.

हंगेरी आणि जॅझ? भुवया उंचावू नका, मीही उंचावल्या होत्या. जॅझ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, फार तर न्यूयॉर्क. हंगेरीचं नाव आपण ऐकतो ते रुबिक क्यूबपुरतं. पण सान्तानाचं ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ तर ऐकलंय ना? १९७०च्या ‘अब्राक्सस’ या अल्बममध्ये ते गाणं संपता संपता गाडी एकदम सुसाट सुटते. तो तुकडा सान्तानाचा नाही. ती ‘जिप्सी क्वीन’ नावाची चीज आहे, गाबोर साबो या हंगेरियन गिटारिस्टची.

साबो बुडापेस्टचा. १९५६चा उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला त्या वेळी विशीतला हा मुलगा देश सोडून अमेरिकेत पोचला. पुढे ड्रमर चिको हॅमिल्टनच्या बँडमध्ये नाव झालं. गंमत म्हणजे तिथे जाऊन तो अमेरिकनांसारखं वाजवत बसला नाही. एखादी तार मोकळी सोडून तिचा सूर तंबोऱ्यासारखा गुंजत ठेवायचा आणि वरच्या तारांवर आपल्याकडची वळणं घ्यायची, ही त्याची खासियत. १९६६मध्ये त्याने ‘जॅझ रागा’ नावाचा अल्बम रेकॉर्ड केला आणि त्यात चक्क सतार वाजवली. आपल्या उस्तादांना ती कितपत पटेल, हा वेगळा विषय!

हे सगळं सुरू झालं ते खेड्यांतून. १९०६च्या सुमारास बेला बार्टोक आणि झोल्तान कोदाय हे दोन शिकलेसवरलेले संगीतकार फोनोग्राफ घेऊन हंगेरीच्या खेडोपाडी फिरत होते, शेतकऱ्यांची गाणी गोळा करत. शहरातल्या बड्या लोकांना ज्या गाण्यांची किंमत नव्हती, तीच बार्टोकने मैफलीत नेली. १९३८मध्ये त्याने क्लॅरिनेटचा बादशहा बेनी गुडमन याच्यासाठी खास रचना केली. १९७८मध्ये हर्बी हॅनकॉक आणि चिक कोरिया हे जॅझचे दोन दादा पियानोवादक एकत्र दौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांनीही बार्टोकची रचना वाजवली. म्हणजे हंगेरीच्या शेतातलं गाणं किती लांब गेलं बघा.

रत्नागिरी जवळ आली की करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. मोबाईलची रेंज जाते, पण डाऊनलोड केलेलं गाणं चालू राहतं. त्या अंधारात माझ्या कानात होता अलादार पेगे. वाद्य डबल बास, म्हणजे माणसाहून उंच, चार तारांचं, व्हायोलिनच्या घराण्यातलं धूड. बँडमध्ये मागे उभं राहून ‘धुम धुम’ करणं हे त्याचं नेहमीचं काम. पेगेने त्याला पुढे आणून व्हायोलिनसारखं पळवलं. लोक त्याला डबल बासचा पागानिनी म्हणायचे.

या पेगेची एक गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. निरंजन झवेरी आणि त्यांच्या ‘जॅझ इंडिया’ने १९७८मध्ये ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्यावर, जगभरचे कलाकार यायचे. पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्स येऊन गेला. १९८०च्या यात्रेत पेगे आला. जॅझमधला थोर बासवादक चार्ल्स मिंगस त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १९७९मध्ये वारला होता. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा आपल्या गंगेत सोडली गेली. मिंगसची पत्नी स्यू हिने पेगेला ऐकलं, मिंगसच्या नावाने चालणाऱ्या बँडमध्ये त्याला बोलावलं आणि नवऱ्याच्या बासांपैकी एक त्याला देऊन टाकला. अमेरिकन माणसाचं वाद्य हंगेरियनाकडे, आणि गाठ पडली ती मुंबईत!

पहाटे रत्नागिरीला उतरलो. घरी जाण्याआधी मांडवीच्या जेटीवर चहा हा माझा रिवाज. उजवीकडे रत्नदुर्ग, मिरकरवाड्याकडून येणाऱ्या होड्यांची फटफट, हवेत मासळी आणि आंब्याच्या मोहोराचा मिक्स वास. हा वास बाटलीत भरून कोणी पुण्यात विकला तर पहिलं गिऱ्हाईक मी.

आमची वाडी शहरापासून अर्ध्या तासावर. अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, ओटीवर बसलेले. वाडीच्या नमनात आणि भजनात मृदंग म्हणजे अण्णा, असं मी जन्मापासून बघतोय. दहावीपर्यंत मीही त्यांच्याकडे शिकलो. मग पुणं, कॉलेज, मास कॉम. पहिल्याच वर्षी एका पार्टीत कोणीतरी विचारलं, ‘तुमच्याकडे घरी म्युझिक वगैरे?’ मी म्हटलं, ‘नाही रे, खास काही नाही.’ समोरचे सगळे पिंक फ्लॉइडवर बोलत होते, त्यात संकासुराचा नाच आणि गोमू कुठे सांगणार? आज मी जॅझवर दोन हजार शब्द लिहू शकतो. मृदंगावर कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

‘काय ऐकतोस?’ अण्णांनी विचारलं. मी इअरफोन त्यांच्या कानात दिला. थोडा वेळ ते नुसते बसून राहिले. मग उजवा हात मांडीवर हलायला लागला.

‘खालचा आवाज पुढे आणलाय यानं. कुठचा?’

‘हंगेरीचा. ऐंशी साली मुंबईत येऊन वाजवून गेलाय. धोबीतलावला.’

‘ऐंशी? तेव्हा मी लालबागला, मिलमध्ये.’ अण्णा हसले. ‘धोबीतलाव म्हणजे बसने किती, अर्धा तास. पण आम्हाला कोण सांगणार? आमचं भजन गाळ्यात चालायचं.’

लालबाग ते रंगभवन पाच-सहा किलोमीटर. त्याच मुंबईत, त्याच वर्षी, एक माणूस बासवर जग जिंकत होता आणि दुसरा ड्यूटी संपवून मृदंगाला कणीक लावत होता. तो मृदंग अण्णांनी मिलच्या पगारातून घेतलेला. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप झाला आणि पुढे अण्णा गावी परतले, ते एक ट्रंक आणि हा मृदंग घेऊन.

मी मिंगसच्या बासची गोष्ट सांगितली. अण्णांनी नीट ऐकली. ‘त्या बाईच्या घरात कोणी नव्हतं?’

‘मुलं होती की.’

‘मग बरोबर केलं. वाजवणाऱ्याकडे गेलं. खुंटीला टांगून वाद्याला वाळवी लागते.’

रात्री सहाणेवर नमन उभं राहिलं. गण झाला, गवळण झाली. आणि मृदंगाची थाप पडली तेव्हा माझ्या लक्षात आलं, अण्णा तर माझ्या शेजारी खुर्चीत बसलेत! मृदंग गळ्यात अडकवून उभा होता शेजारच्या आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराचा मुलगा. वय सोळा, दहावीला. आई-बाप हंगामापुरते आले आणि इथलेच झाले. तो माझ्यापेक्षा अस्सल गावची मराठी बोलतो. डाव्या पुडीतून तो जो ‘धुम’ काढत होता, तो थेट छातीत येत होता.

‘तुझाच शिष्य?’ मी विचारलं.

‘गेल्या गणपतीत दिला त्याला मृदंग,’ अण्णा म्हणाले. ‘रोज संध्याकाळी येतो.’

खरं सांगू? टोचलं. तो मृदंग कधीतरी आपल्याकडे येणार, मस्तपैकी पुण्याच्या फ्लॅटमध्ये पिवळ्या लाइटखाली ठेवू, असं मी धरून चाललो होतो. दहा-बारा वर्षं हात न लावता! दुपारी मी ज्या गोष्टीवर ‘वॉव’ म्हणत होतो, तीच माझ्या घरात घडली तेव्हा मात्र मला हक्क आठवला. मिंगसच्या मुलांच्या मनात काय आलं असेल, हा प्रश्न मला तोवर सुचलाही नव्हता.

साबो गेला अमेरिकेला, पण जाताना गावचा सूर मागे ठेवून गेला नाही. म्हणून तर तो तिकडे वेगळा उठून दिसला. मी जेमतेम पुण्याला गेलो आणि सगळा घरी ठेवून आलो, वर कपाटाची किल्लीही स्वतःकडेच असल्यासारखा वागलो.

सकाळी तो मुलगा आला. कणीक मळून डाव्या पुडीला लावली, थापून बघितली आणि मृदंग माझ्यापुढे सरकवला. ‘दादा, तुम्ही वाजवा ना. अण्णा सांगतात तुमचा हात चांगला होता.’ ‘होता’ हा शब्द त्याने सहज वापरला. मला आठवत होता तेवढा एक ठेका वाजवला. दोनदा चुकलो. त्याने टाळ धरून सांभाळून घेतलं.

आतून अण्णांचा आवाज आला, ‘हात जड झालाय. गणपतीत चार दिवस आधी ये.’

लेख वेळेत पाठवला. परवा गणपतीचं रिझर्व्हेशन उघडलं, तेव्हा सकाळी आठच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून बसलो होतो. वेटिंगवर आहे. कन्फर्म नाही झालं तर एसटी आहेच.