कुंतीचं कुंपण

परदेशी बंगल्यांच्या चित्रांत पेटीसारखं चौकोनी कातरलेलं बुटकं, गर्द हिरवं कुंपण तुम्हीही पाहिलं असेल. ते बॉक्सवुड. थंड हवेतलं झाड. आपल्याकडच्या वैशाखात त्याचे हालच व्हायचे. पण आपली कुंती, म्हणजेच कामिनी, हिला इंग्रजीत 'चायनीज बॉक्स' असंही नाव आहे. लिंबाच्या कुळातली, चकचकीत बारीक पानांची आणि कातरीला न भिणारी!

आमच्याकडे वाटण्या झाल्या, तेव्हा दोन घरांमधल्या अंगणात भिंत घालायचं घाटत होतं. विटांचा हिशेबही झाला होता. भिंत एकदा उभी राहिली की पाडतंय कोण? मी कुंतीचं नाव काढलं, आणि जाऊबाई, ज्या महिनोन्‌महिने माझ्याशी बोलत नव्हत्या, त्या म्हणाल्या, "फांद्या मी आणते माहेराहून."

आषाढात पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या फांद्या घ्या. अगदी कोवळ्या नकोत, जून नकोत. डोळ्याखाली तिरपा काप द्या, खालची पानं काढा आणि निम्मी काडी वाळू-मातीत खोचून कुंडी सावलीत ठेवा. मूळ धरायला दोन-दोन महिने लागतात, तेव्हा रोज उपटून पाहू नका! सगळ्या काड्या जगत नाहीत, म्हणून दुपटीनं लावा. घाई असेल तर गुटी बांधलेली बरी. लाल फळं मिळाली तर गर धुऊन बी ताजंच पेरा.

रोपं दीड-दीड फुटावर लावा. आम्ही मधे माणूस जाईल एवढी जागा सोडली आहे. पुरुषांनी विचारलं, तेव्हा जाऊबाईंनी पाइपचं निमित्त सांगितलं.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा. जीव कळवळतो, पण त्याशिवाय बुडाशी फांद्या फुटत नाहीत. कुंपण वर निमुळतं, खाली रुंद ठेवा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. मात्र फुलं शेंड्यालाच येतात. सारखी कातरी चालवलीत तर सुवास विसरा. माझी बाजू नीटनेटकी आहे, जाऊबाईंची झिपरी. फुलं अर्थात त्यांच्याकडे. गजऱ्याला मात्र ती उपयोगाची नाहीत, पाकळ्या लगेच झडतात. संध्याकाळी एखादी डहाळी पेल्यात ठेवा, रात्रभर खोली दरवळते.